निच्चयम

आधी चष्मा गेला. हात दिसण्याआधी, आवाज कानात शिरण्याआधी चष्मा उडाला आणि समोरची गल्ली विरघळली. पलीकडचं बंद औषधाचं दुकान, खांबावरचा कावळा, कोपऱ्यावर जळणाऱ्या टायरचा धूर, सगळं एका राखाडी पाण्यात मिसळून गेलं. मी स्टुलावर उभा होतो, दोन्ही हात वर, बोटांत नाताळच्या कागदी चांदणीची दोरी. अशा वेळी माणसाला आपला गाल झाकता येत नाही, एवढाच विचार मनात आला, आणि तोवर दुसरी बसली. "साव वीट्टुल स्टारा?" मरणाच्या घरात स्टार लावतोस? आवाज तरुण होता आणि रडून रडून बसला होता. मुख्यमंत्री पहाटे वारले होते. मद्रास शहर सकाळपासून छाती पिटत होतं, आणि छाती पिटता पिटता काचा, बसगाड्या, दुकानांच्या फळ्या, जे हाताला लागेल ते पिटत सुटलं होतं. मला त्या माणसाला सांगायचं होतं की मी चांदणी लावत नाही, काढतोय. माझी मुलगी विजयलक्ष्मी थोड्याच वेळापूर्वी आमच्या तंजावरी मराठीत म्हणाली होती, "अप्पा, अस्के दुकान मिटलेत. तो स्टार काढून टाका. सुम्मा कटकट नक्को." सगळी दुकानं बंद, उगाच कटकट नको, म्हणून मी स्टुलावर चढलो होतो. पण तमिळ वाक्य जुळवेपर्यंत स्टूल माझ्या पायाखालून निघालं, मी उंबऱ्यावर आपटलो, आणि तेच स्टूल वर जाताना दिसलं. मला लांबचं दिसत नाही, पण अगदी जवळचं चष्म्याशिवायच नीट दिसतं. डोळ्यांसमोरून एक हात गेला. मनगटापासून कोपरापर्यंत भाजून गुळगुळीत झालेला, गुलाबी, चकचकीत, एकही केस नसलेला. मग स्टुलाचा पाय डाव्या कानावर उतरला.

त्या क्षणी जे वाटलं ते लिहायला मला संकोच होतो. भीती नव्हती. रागही नंतर आला. त्या क्षणी वाटलं, आला. इतकी वर्षं ज्याची वाट पाहत होतो तो घाव शेवटी आला. एक प्रकारचं समाधानच म्हणायचं. देवळात, शाळेत, छापखान्यात, पुढे प्रार्थनेच्या हॉलमध्ये, मी कायम मान किंचित आत ओढून बसत आलो आहे. कोणी मागून मारणार असेल तसा. लोकांना ती नम्रता वाटते. पास्टर देवसहायम यांनी तर एकदा सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं, "ब्रदर एकोजीकडे बघा, किती लीन." मी लीन नव्हतो. मी फक्त मान वाचवत होतो.

त्यानंतर डाव्या कानात शिट्टी सुरू झाली ती अजून आहे. विजयलक्ष्मी स्वयंपाकघरातून धावत आली तोवर जमाव पुढे सरकला होता आणि पुढच्या वळणावर एका बसच्या काचा फुटत होत्या. तिने माझं डोकं मांडीवर घेतलं, पदराने रक्त दाबलं आणि तमिळमध्ये त्या माणसाच्या सात पिढ्यांना शिव्या घातल्या. तिच्या तोंडून तसल्या शिव्या मी कधी ऐकल्या नव्हत्या. बँकेत नोकरी करणारी, लग्न मोडून घरी आलेली, देवाला न मानणारी माझी मुलगी. तिला आईसारखं येशूला मानणं जमलं नाही आणि आजोबांसारखं मारुतीला मानणंही जमलं नाही. ती म्हणते, "मला कोणाचाच आधार नक्को अप्पा. तुमच्या त्या देवाने तुमचा कानसुद्धा वाचवला नाही." उत्तर मला सुचतं, पण सुचलेल्या उत्तराबद्दल लगेच शंका येते.

शंका ही माझी नोकरीच होती. तीस-बत्तीस वर्षं मी एका छापखान्यात प्रुफं तपासली. मराठी, तमिळ, कधी कधी इंग्रजी. प्रुफं तपासणारा माणूस शब्दावर विश्वास ठेवत नाही, तो शब्दाला पकडून उलटा करतो. पण नोकरीच्याही आधी, तंजावरात, माझे वडील होते. वडील पाढे विचारायचे. "सात आठें?" मी म्हणे, छप्पन. ते माझ्याकडे बघत राहत आणि विचारत, "निश्चय?" आणि हात वर जाई. उत्तर बरोबर असे, तरी हात वर जाई. तो वर गेलेला हात बघून मी म्हणे, चौपन्न. मग हात खाली येई. "बरोबर उत्तर टाकून चुकीचं का सांगितलंस? निश्चय नाही तुला!" आणि पुन्हा. एकदा कानशिलात इतकी बसली की मी ओसरीवरच घाण केली. आई आतून म्हणाली, "पुरे हो." ते म्हणाले, "मुलगा आहे, खांब नाही. हलतो म्हणून मारतो." ते वाक्य मला अजून कळलेलं नाही. खांब असतो तर मारलं नसतं की खांब व्हावं म्हणून मारत होते? मात्र त्या वयात एक गोष्ट माझ्या अंगात बसली. निश्चय म्हणजे मी छातीत घट्ट धरून ठेवायची वस्तू, आणि कोणी हात उगारला की ती माझ्या छातीतून गळून पडते.

पुढे, केस पांढरे झाल्यावर, तोच शब्द पुन्हा माझ्यासमोर उभा राहिला. माझी बायको कृष्णवेणी शेजारच्या एका बाईबरोबर प्रार्थनेला जाऊ लागली. मग म्हणाली, मी बाप्तिस्मा घेणार. तिचा भाऊ प्रतापसिंह त्रिचीहून आला. उंच, पिळदार, आमच्या जुन्या सरदार घराण्याचा फार अभिमान असलेला माणूस. त्याने आधी समजावलं, मग तिचे केस धरून तिला न्हाणीघरापर्यंत फरफटत नेलं आणि डोक्यावर बादलीमागून बादली ओतली. "घे! हा घे तुझा बाप्तिस्मा!" ती गुदमरत होती, खोकत होती, आणि मी दारात उभा होतो. मी दारात उभा होतो एवढंच. तो दमून गेला तेव्हा ती भिंतीला टेकून बसली आणि हसायला लागली. ओठ फुटला होता. म्हणाली, "दादाचं बरोबर नाही. एकदाच बुडवतात. ह्याने दहा वेळ बुडवलं." मी विचारलं, तुला भय नाही वाटलं? ती म्हणाली, "वाटलं की. पण भय वाटलं म्हणून मी कोठे जाते? मज कोणी तरी धरलंय, मी नाही धरलंय."

तिच्या मागे मीही गेलो. का गेलो हे मला सांगता येणार नाही. बहुतेक त्या हसण्यासाठी. आमचा बाप्तिस्मा समुद्रात झाला. पास्टर देवसहायम कमरेइतक्या पाण्यात उभे होते आणि लाटा त्यांनाही ढकलत होत्या. त्यांनी माझी मानगूट धरली, ती अशी की खून करायचा आहे. नाकातोंडात खारं पाणी, डोळ्यांत वाळू, कानात गर्जना. मला खरंच वाटलं हा माणूस मला मारतोय. वर आलो तेव्हा काठावर सगळे टाळ्या वाजवून गात होते, आणि माझ्या मनात आलं, डावं कोपर पाण्याखाली गेलं होतं का? लाट ओसरली होती तेव्हा कोपर हवेत होतं. मला हवेचा गारवा आठवत होता. आठवडाभराने मी पास्टरांना भीत भीत विचारलं, पुन्हा घेता येईल का? ते इतके हसले की खुर्चीला धरून बसले. "ब्रदर, कोपराचं तारण वेगळं असतं काय?" मग गंभीर होऊन त्यांनी तो प्रश्न विचारला, जो ते सगळ्यांनाच विचारत. "ब्रदर, रट्चिप्पिन निच्चयम उण्डा?" तारणाचा निश्चय आहे का?

आता इथे माझी गोम आहे आणि ती केवळ आमच्यासारख्या तंजावरी मराठी माणसांचीच असणार. तमिळ माणसाला निच्चयम म्हणजे खात्री. जे ठरलेलं आहे, हलणार नाही, ते. माझ्या कानाला मात्र तो शब्द वडिलांच्या आवाजात ऐकू येतो. निश्चय! म्हणजे ठाम हो, घट्ट धर, सोडू नकोस. त्यामुळे पास्टर दर रविवारी मला विचारत की देवाने तुझ्याबद्दल काय ठरवलंय ते तुला ठाऊक आहे का, आणि मी ऐके, एकोजी, तुझी पकड पुरेशी आहे का? मी छातीत बघे. तिथे कधी काही असे, कधी नसे. सकाळी असे, दुपारी गेलेलं असे. लोक उठून साक्ष देत, अमुक साली अमुक सभेत मला तारण मिळालं. मी मान आत ओढून बसे. हॉलमधला पंखा वर खटखटत असे आणि मला वाटे, आता निसटेल आणि नेमका माझ्यावर पडेल.

कृष्णवेणीला मी हे एकदा सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तुम्ही सुम्मा आपल्याच छातींत काय म्हणून बघत बसतां? तेथें काय आहे? धडधड आहे, तेवढंच." मग म्हणाली, "आपला निच्चयदार्तम झाला तेव्हां तुम्हांस कोणी विचारलं होतं?" आमच्या तंजावरकडे साखरपुड्याला तमिळ शब्दच चालतो, निच्चयदार्तम. "तुम्ही तर माडीवर पुस्तक घेऊन लपून बसले होते. तुमच्या बापांनी माझ्या बापांस ताट दिलं, शब्द दिला, झाला निच्चय. मग तुम्हांस खात्री वाटो की न वाटो, लग्न मोडलं काय?" मी म्हणालो, पण मला नको असतीस तर? तिने एक खडा काढून खिडकीबाहेर फेकला. "तरीही तुम्ही माझेच होते. पावम." पावम म्हणजे बिचारा. तिने तो शब्द किती गोड उच्चारला. मला मात्र समाधान झालं नाही. मला ते उत्तर फार बायकी वाटलं, फार सोपं. ती गेली तेव्हाही अशीच सोपी गेली. पोटाच्या दुखण्याने किंचाळत होती, हे खरं. मरण काही गोड नव्हतं, शेवटचे दिवस भयंकर होते, ती नखांनी माझा हात ओरबाडायची. पण किंचाळण्याच्या मधल्या जागेत ती तितकीच शांत असे. मी विचारलं, अजून निच्चयम आहे? ती माझ्याकडे चिडून बघत म्हणाली, "मज आठवतही नाही आतां. त्यांस आठवतं की."

तर, स्टूल. शिट्टी. डोक्याला टाके. आणि मग राग. तो दुसऱ्या दिवशी आला, नाताळच्या दिवशी, आणि आला तो माझ्या ओळखीचा नव्हता. प्रार्थनेचा हॉल बंद होता, रस्ते बंद, दूध नाही. मी पलंगावर पडून त्या गुळगुळीत हाताचं काय काय करता येईल ते बघत होतो. मनात ती दृश्यं इतकी स्वच्छ छापून येत की माझ्यासारख्याला एकही दुरुस्ती सुचू नये. मी तो हात दारात चेमटला. अडकित्त्यात धरला. उकळत्या भाताच्या पेजेत बुडवला, पुन्हा भाजला, आणि त्या माणसाला विचारलं, निश्चय? तो म्हणाला हो, तर पुन्हा. नाही म्हणाला, तर पुन्हा. मी घामाने भिजलो. माझ्या आत माझे वडील हातपाय पसरून आरामात बसले होते. एवढं सगळं मनात असलेला माणूस तारलेला असेल? पण मग वाटलं, हे मला विचारतंय तरी कोण? आणि शिट्टी वाजतच होती.

मी सांगितलेल्या भाजलेल्या हातावरून विजयलक्ष्मीने तक्रार दिली. मला न विचारता. शहर शांत झालं, पोलिसांनी शेकड्यांनी पोरं उचलली, आणि नाताळनंतरच्या आठवड्यात एका सकाळी शिपाई दारात आला, भाजलेल्या हाताचा एक माणूस सापडलाय, पेरियवरांनी येऊन ओळखावा. पेरियवर म्हणजे मी, वडीलधारा. विजयलक्ष्मीने बँकेतून सुट्टी घेतली, मला रिक्षात बसवलं. वाटेत म्हणाली, "अप्पा, आज तरी अर्धवट बोलू नक्का. बहुतेक, कदाचित, वाटतं. तसलं काही नक्को. हो तर हो."

ठाण्यात भिंतीवर गेलेल्या पुढाऱ्याचा फोटो, ताजा हार. सब-इन्स्पेक्टर तरुण, नीट मिशीचा, बोलायला सौम्य. त्याने मला खुर्ची दिली, कॉफी मागवली. हेड कॉन्स्टेबलचं डोकं तुळतुळीत होतं, पुढाऱ्याच्या दुःखात भादरलेलं. टाळूवर वस्तऱ्याचे ओरखडे अजून लाल होते. त्याने आतून एकाला आणलं. त्याचंही डोकं तसंच भादरलेलं. क्षणभर ते दोघे भाऊ दिसले. उघडा, लुंगी गुडघ्यावर खोचलेली, पायांच्या पोटऱ्यांवर वळ. उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत गुलाबी, चकचकीत.

"अय्यनार नाव. गुम्मिडिपूंडीला पोलादाच्या कारखान्यात भट्टीवर असतो," सब-इन्स्पेक्टर म्हणाला. "अंत्ययात्रेला आला आणि तुमच्या गल्लीत प्रसाद वाटून गेला. इवनदाना, पेरियवरे?" हाच का?

तो हात मी पाहिला. शरीराने हो म्हटलं. कानाने हो म्हटलं, शिट्टी एकदम उंच गेली. पण तोंड उघडलं आणि माझी जन्माची सवय आड आली. भट्टीवर काम करणारे किती असतील, कितींचे हात भाजत असतील. चेहरा मी पाहिला नव्हता. तेव्हा ह्याला केस होते, की नव्हते? मी म्हणालो, "असेल. तसाच वाटतो. पण..."

कॉन्स्टेबलने काठी आडवी घातली. गुडघ्याच्या मागे. अय्यनार खाली बसला, आवाज केला नाही.

"निच्चयमा?" सब-इन्स्पेक्टरने कॉफीचा घोट घेत विचारलं. नक्की का?

माझ्या वडिलांनी हात उगारला. मी सत्तरीला आलेलो, खुर्चीत, हातात वाफाळणारा पेला, आणि ओसरीवर. मी म्हणालो, "चष्मा नव्हता माझा." काठी. ह्या वेळी पायांच्या तळव्यांवर. तो ओरडला. माणसाच्या तळव्यावर मारलं की आवाज ओल्या कपड्यासारखा येतो. "निच्चयमा?" मी म्हणालो, "जरा थांबा, मला आठवू दे." काठी. विजयलक्ष्मी मागून म्हणाली, "अप्पा, सांगा ना हो!" तिच्या आवाजात आता रडू होतं. "सांगा एकदाचं, तो मरेल!" काठी. मी काही बोललोच नव्हतो तरी काठी. तेव्हा मला दिसलं, आणि ते दिसणं मारापेक्षा भयंकर होतं, की माझी प्रत्येक शंका त्याच्या तळव्यांवर पडत होती. जन्मभर मी जिला माझी लीनता समजत होतो, छातीत बघत बसणं, घुटमळणं, कोपर भिजलं का बघणं, ती दुसऱ्या कोणाच्या तरी अंगावर वळ होऊन उठत होती. मी सुरक्षित खुर्चीत बसून शंका घेत होतो आणि मार तो खात होता. आणि गंमत अशी की तोच होता. आता मला पक्कं ठाऊक होतं. ओरडताना त्याचा आवाज बसत होता, तोच, रडून बसलेला. मी हो म्हणालो असतो तर ते शब्दशः खरं ठरलं असतं.

हो म्हणायची इच्छा किती होती म्हणून सांगू. जिभेवर पाणी सुटलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा मला खात्री होती आणि ती वापरायला समोर माणूस होता.

त्याने वर पाहिलं. त्याने मला ओळखलं होतं. त्याच्या नजरेत विनंती नव्हती. मान किंचित आत ओढलेली होती. ती मान मी ओळखतो.

"नम्म आळु," मी म्हणालो. आमचा माणूस आहे.

सब-इन्स्पेक्टरने पेला खाली ठेवला. "काय?"

"आमचा माणूस आहे. माझा." माझा आवाज मला परका वाटत होता, मोठा होता. "त्याला सोडा."

"अप्पा!" विजयलक्ष्मी उभी राहिली. "खोटं! सर, ह्यांच्या डोक्याला मार लागलाय."

"डोकं माझं आहे," मी म्हणालो. "टाके माझे आहेत. तक्रार माझ्या पोरीने दिली, मी दिली नाही. मला तक्रार नाही."

"मारलं ह्यानेच की नाही?" सब-इन्स्पेक्टर आता सौम्य नव्हता.

"ते मी सांगणार नाही. हा माझा, एवढं सांगतो. माझ्या माणसाने मला मारलं तर ते आमच्या घरातलं."

"कधीपासून तुझा?"

मी विचार केला नाही. "आत्तापासून."

कॉन्स्टेबल हसला. सब-इन्स्पेक्टरने माझ्याकडे पाहिलं, वेडसर म्हातारा बघावा तसं. "उद्या माघार घेशील, मग मी कुठे शोधू ह्याला? निच्चयमा?"

"निच्चयम," मी म्हणालो, आणि बोलताना मला कळलं की मी तो शब्द दोन्ही भाषांत एकदम बोलतोय. मराठीत मी ठरवलं होतं. तमिळमध्ये त्याचं ठरलं होतं. माझं ठरवणं हीच त्याची खात्री. त्याच्या छातीत त्या वेळी काय होतं कोणास ठाऊक, बहुतेक नुसती धडधड. त्याने काही घट्ट धरलेलं नव्हतं. त्याला उभंसुद्धा राहता येत नव्हतं. हे मी नंतर शब्दांत मांडतोय. त्या वेळी फक्त कृष्णवेणीवर राग आला, की हे इतकं सोपं होतं आणि मी तिला बायकी म्हटलं.

कागदावर सही केली. विजयलक्ष्मी रिक्षा करून निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "आईच्या वेळी तुम्ही दारात नुसते उभे होते. आज ह्या गुंडाचा पुळका आला?" बरोबर होतं तिचं. मी ते घेऊनच फाटकाबाहेर आलो.

बाहेर ऊन होतं. अय्यनार भिंतीला धरून धरून माझ्या मागे आला. बसस्टॉपच्या सावलीत त्याने माझी कॉलर धरली. भाजलेल्या हाताने. मला त्या कातडीचा स्पर्श हनुवटीला लागला, गार, मेणासारखा.

"का केलंस, किळवा?" म्हाताऱ्या. "काय पाहिजे तुला? पैसे नाहीत माझ्याकडे. तुझ्या चर्चला यायचं? वेदाला यायचं?" ख्रिस्ती होणं ह्याला तो वेदाला येणं म्हणत होता.

"काही नको."

"फुकट कोणी काही देत नाही. बोल."

"काही नको. घरी जा."

त्याने मला हलवलं. माझ्या टाक्यांत कळ आली. "मी मारलं तुला. स्टुलाने. मीच. ऐकलंस?"

"माहीत आहे."

ते ऐकून तो हबकला. कॉलर सुटली. समोरून एक शववाहिकेसारखी रिकामी बस गेली, काचा नसलेली. तो तिच्याकडे बघत राहिला. मग एकदम गुडघ्यांवर आला, रस्त्यावर, लोक बघत असताना, आणि गाल पुढे केला. "अडि." मार. "एक मार. एकच. मग तू सुटलास, मी सुटलो. असा कसा जाऊ मी? अडि, अय्या, अडि!"

मला मारायचं होतं. हे मी लपवत नाही. हात खरोखर वर गेला होता, खांद्यापर्यंत. पलंगावर पडून पाहिलेलं सगळं बोटांच्या टोकांत आलं होतं. आणि तो खाली डोळे मिटून वाट बघत होता. किती आतुर होता तो. एक बसली की त्याचं समाधान होणार होतं. हिशोब पुरा झाला, आता माझं मी भोगलं. तो मार म्हणजे त्याची सुटका होती, माझी देणगी त्याच्या घशाखाली उतरू न देण्याची सुटका. कागदी चांदणी, कोपर, पंखा, मागून येणारा घाव, मी आयुष्यभर देवापुढे हाच गाल पुढे करून बसलो होतो. मार एकदाचा, म्हणजे मी सुटलो. आणि तिकडून हात उचलला जातच नव्हता आणि मला वाटत होतं की तो अजून उगारतोय.

मी हात खाली घेतला. तेव्हा त्याने माझं मनगट पकडलं आणि माझाच हात आपल्या तोंडावर आपटायला लागला. त्याच्यात जोर फार होता. एकदा, पुन्हा, पुन्हा. मी बोटं सैल सोडली, मनगट सैल सोडलं, हाडं नसल्यासारखं. माझा हात त्याच्या गालावर ओल्या फडक्यासारखा पडत राहिला. त्याला लागत नव्हतं. मारत तो होता आणि लागत त्याला नव्हतं, आणि त्यामुळे तो आणखी चिडत होता, रडत होता, माझ्या तळव्याला त्याच्या शेंबडाचा आणि डोळ्यांचा ओलावा लागत होता. दोन बायका थांबल्या. कोणी तरी म्हणालं, पेरियवराला सोड रे. मी दमलो होतो, खांदा उखडल्यासारखा दुखत होता, उन्हाने घेरी येत होती, आणि मी वैतागलो. अगदी साध्या माणसासारखा वैतागलो. मी ओरडलो, "मुडिञ्जदु! पो!"

संपलं. जा.

तो थांबला. माझं मनगट त्याच्या हातात तसंच राहिलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणखी काही आहे का, नंतरचं काही, ह्या शब्दामागे लपवलेलं काही, हे शोधत. काही नव्हतं. मलाही तेव्हाच कळत होतं की काही नव्हतं. त्याने माझा हात हळूच खाली ठेवला, माझ्याच मांडीजवळ, दुसऱ्याची वस्तू परत ठेवावी तसा. उठला. लुंगी सोडून नीट नेसला. तळवे फुगलेले होते, त्यामुळे टाचांवर चालत, वेडावाकडा, तो रस्ता ओलांडून गेला. पलीकडे जाईपर्यंत मान आत होती. पलीकडे गेल्यावर त्याने एकदा मागे पाहिलं, मग मान थोडी वर काढली, आणि चालत राहिला.